जावेचा एच-इंडेक्स एकोणीस, माझा चार

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बडोद्यातल्या एका खासगी विद्यापीठात गणित शिकवते. नोकरीला दहा वर्षं झाली, पीएचडी आहे, अकरा पेपर आहेत. माहेर इथलंच, दांडिया बाजारातलं. सासर पुण्याचं. धाकटी जाऊ पुण्यात कॅन्सरवर संशोधन करते. यंदा गणपतीत पुतण्याने मोबाइलवर स्कोपस हा संशोधन-पेपरांचा डेटाबेस उघडून आमची दोघींची नावं घातली. आरतीनंतर सासरे सगळ्यांदेखत म्हणाले, "धाकटीचा एकोणीस, थोरलीचा चार!" एच-इंडेक्स म्हणजे काय हे त्यांना माहीत नाही, पण चार आणि एकोणीस कळतात.

ते एक वेळ सोडून देईन. पण एका सरकारी विद्यापीठाची असोसिएट प्रोफेसरची जाहिरात आली आहे आणि या चारवर अर्ज करावा की नाही, हेच समजत नाही. आमचे विभागप्रमुख प्रत्येक पेपरवर स्वतःचं नाव घालायला लावतात, तेही कॉरस्पॉन्डिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक म्हणून. दोन पेपरांवर घातलं. दुसरीकडे व्हॉट्सॲपवर एक जण मागे लागला आहे: स्कोपसमधला पेपर, तिसरं नाव, पंधरा हजार. विभागातल्या दोघांनी घेतलं असं ऐकते. मिस्टर म्हणतात, एकदाच करून टाक आणि मोकळी हो. पेपरांची यादी सायटेशनसकट, म्हणजे कुठल्या पेपरचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला त्या आकड्यांसकट, जोडली आहे. काय करू?

– एक प्राध्यापिका, बडोदा

प्रिय बाई,

पत्रापेक्षा तुम्ही जोडलेली यादीच मी जास्त वेळ बघत बसले. उभी नोकरी ग्रंथालयात गेली, त्यामुळे कुणी यादी पुढे केली की आधी नावं तपासायची खोड आहे. तुमच्या बाबतीत ती कामाला आली.

अकरा पेपरांवर तुमचं नाव तीन तऱ्हांनी छापलेलं आहे. पीएचडीच्या काळातले पाच माहेरच्या आडनावाने. लग्नानंतरचे चार सासरच्या आडनावाने. आणि उरलेल्या दोन पेपरांवर तुमचं आडनाव चक्क "माधव" आहे! माधव हे तुमच्या वडिलांचं नाव. हे कसं झालं असेल ते बडोद्यात शिकलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. इथल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं. कॉन्फरन्सच्या फॉर्मवर तुम्ही तोच क्रम ठेवलात आणि संगणकाने शेवटचा शब्द आडनाव म्हणून उचलला. म्हणजे स्कोपसच्या लेखी तुम्ही एक नाही, तीन बायका आहात, आणि पुतण्याने त्यातली एक उघडली.

आता हिशेब करू. एच-इंडेक्स काढायला कागद-पेन्सिल पुरते. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत जायचं. ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन त्या क्रमांकाइतकी किंवा जास्त आहेत, तो तुमचा एच. माहेरच्या नावावरचे आकडे ३३, १४, ९, ६, ४. चौथ्या पेपरला सहा आहेत, पाचव्याला चारच. म्हणून चार. सासरच्या नावावर ८, ७, ३, २, म्हणजे तीन. "माधव" बाईंच्या नावावर ११ आणि ५, म्हणजे दोन. तिघींना एकत्र बसवा: ३३, १४, ११, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २. सहाव्या पेपरला सात सायटेशन आहेत, सातव्याला सहा. तुमचा एच-इंडेक्स सहा आहे. नवा पेपर नाही, कुणाचे पाय धरणं नाही, दमडीचा खर्च नाही.

ही दुरुस्ती आजच हाती घ्या. स्कोपसवर लेखकाचे वेगवेगळे प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती पाठवता येते, तिला पैसे पडत नाहीत, पण वेळ लागतो. त्याआधी ओआरसीआयडी काढा. संशोधकाच्या ओळखीचा सोळा आकड्यांचा हा क्रमांक २०१२ पासून मिळतो, फुकट असतो, आणि लग्न, घटस्फोट, मार्कशीट यांतल्या कशानेही बदलत नाही. त्यात नावाची तिन्ही रूपं नोंदवा आणि इथून पुढे पेपरवर एकच रूप ठेवा. कुठलं ठेवायचं ते तुम्ही ठरवा, घरच्यांना विचारत बसू नका. सर्वाधिक सायटेशन माहेरच्या नावावर आहेत एवढं मात्र लक्षात असू द्या. गणितवाल्यांसाठी आणखी एक सोय आहे. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या मॅथसायनेट या गणिताच्या पेपरांच्या सूचीत लेखकांची ओळख पटवायला माणसं बसलेली असतात. त्यांना ईमेल करा, ती मंडळी नावांच्या भानगडीला सरावलेली आहेत.

आता जावेचा एकोणीस. एच-इंडेक्स हा निर्देशांक २००५ मध्ये होर्हे हर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला, आणि त्याच लेखात त्यानेच लिहिलं होतं की जीवशास्त्रातल्या लोकांचे आकडे भौतिकशास्त्रातल्यांपेक्षा बरेच वर असतात. दोन विषयांचे आकडे शेजारीशेजारी ठेवायचे नाहीत ही सूचना मालाबरोबरच आली होती, पण ती कुणी वाचली नाही. पुढे २०२० मध्ये त्याने हेही कबूल केलं की हा निर्देशांक कधीकधी साफ फसतो आणि त्याचे गंभीर दुष्परिणाम होतात.

कॅन्सरच्या एका पेपरवर दहा-बारा नावं असतात, शेवटी साठ-सत्तर संदर्भ असतात आणि त्या क्षेत्रात काम करणारे हजारो असतात. तुमच्या पेपरवर एक किंवा दोन नावं, वीसेक संदर्भ, आणि तो प्रश्न समजणारे जगभरात किती? तुमची पीएचडी ज्या विषयात आहे त्यात, मला वाटतं, एका बसमध्ये मावतील. त्यातून गणिताचा संदर्भ सावकाश येतो. आंतरराष्ट्रीय गणित संघटनेने २००८ मध्ये सायटेशनच्या आकडेवारीवर एक अहवाल काढला होता. त्यात दाखवलं होतं की इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, ज्या दोन वर्षांचा हिशेब धरतो, गणितातली सुमारे ९० टक्के सायटेशन त्यांच्या बाहेर पडतात. म्हणजे कसोटीचा निकाल पहिल्या दिवशी चहापानाला लावायचा.

याचा दाखला तुमच्या-माझ्या गावातच आहे. प्राच्यविद्या मंदिराच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये १९३७ साली श्रीपती या अकराव्या शतकातल्या गणितज्ञाचं "गणिततिलक" छापलं गेलं, सिंहतिलकसूरीच्या टीकेसह. संपादक हीरालाल रसिकदास कापडिया. भारतीय गणिताच्या इतिहासावर काम करणाऱ्याला आजही ते पुस्तक उघडावं लागतं. कापडियांचा एच-इंडेक्स काढायला पुतण्याला सांगा, बघा काय हाती लागतं.

(रामानुजनचं उदाहरण मी मुद्दामच देत नाही. ते देऊन कुणाचं प्रमोशन झाल्याचं ऐकिवात नाही.)

उलट बाजूही सांगते, म्हणजे मोठ्या आकड्याचं दडपण जरा उतरेल. क्लॅरिव्हेट ही कंपनी दर वर्षी सर्वाधिक सायटेशन असलेल्या संशोधकांची यादी काढते. या यादीत २०१९ साली गणितातले सगळ्यात जास्त "अग्रगण्य" लोक तैवानच्या ज्या विद्यापीठातले निघाले, तिथे गणित हा विषय शिकवलाच जात नाही. एकमेकांना सायटेशन देणाऱ्या टोळ्यांनी गणिताचे आकडे इतके नासवले की २०२३ च्या यादीतून कंपनीने गणित हा वर्गच काढून टाकला. छोट्या विषयात आकडा फुगवायला थोडी माणसं पुरतात, हे त्याचं कारण.

जाहिरातीकडे वळू. तुम्ही चारवर अर्ज करावा का असं विचारता, तर हा आकडा त्या फॉर्ममध्ये कुठे भरायचा ते मला दाखवा. जाहिरात यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे असेल, तर असोसिएट प्रोफेसरसाठी पीएचडी, पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, आठ वर्षांचा अनुभव, मान्य जर्नलांत किमान सात पेपर आणि ७५ रिसर्च स्कोर लागतो. एच-इंडेक्सचा रकाना त्या कोष्टकात नाही. मुलाखतीत कुणी विचारेल, विचारू दे. तेव्हा सहा सांगा आणि विषय गणित आहे हेही सांगा.

रिसर्च स्कोर कसा मोजतात ते मात्र नीट बघा, कारण तुमचं खरं नुकसान तिथे झालंय आणि ते तुमच्या लक्षात आलेलं नाही. विज्ञान शाखेत एका पेपरला ८ गुण. वर जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वाढीव गुण, ते सध्या बाजूला ठेवू. एकटीचा पेपर असेल तर आठही तुमचे. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे ५.६. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा कॉरस्पॉन्डिंग लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के, म्हणजे २.४.

तुमच्या यादीत एकटीचे तीन पेपर आहेत: २४ गुण. दोघांचे सहा: ३३.६. उरलेले दोन तुम्ही आणि तुमच्या सहकारी मॅडमनी केले, आणि मग त्यात विभागप्रमुख साहेब तिसरे आले, कॉरस्पॉन्डिंग म्हणून. गणितात नावं आडनावाच्या अकारविल्हे लावायची पद्धत, त्यामुळे पहिलं नावही मॅडमचं. तुमच्या वाट्याला दोन्ही पेपरांचे मिळून ४.८. साहेब नसते तर ११.२ आले असते. त्यांचं नाव तुम्हाला ६.४ गुणांना पडलं. फुकट दिलेल्या नावाचीही किंमत असते ती अशी.

एकूण झाले ६२.४, आणि वाढीव गुण अजून धरलेले नाहीत. ते धरले, एमएस्सीच्या ज्या मुलांचे प्रबंध तुमच्याकडे झाले त्यांचे प्रत्येकी दोन धरले, की पंचाहत्तरी गाठायला अडचण दिसत नाही. मात्र वाढीव गुण कसे धरायचे याबाबत विद्यापीठांचे फॉर्म सारखे नसतात. ज्यांची जाहिरात आहे त्यांचाच फॉर्म उतरवून घ्या आणि प्रत्येक गुणामागे पुराव्याचा कागद लावा: पेपरचं पहिलं पान, जर्नलचं त्या वर्षाचं प्रमाण, सगळं ओळीने. ही कंटाळवाणी कामं आहेत, पण छाननीला बसलेल्या माणसाचं काम सोपं करून देणारा अर्ज वेगळा उठून दिसतो.

आता तो व्हॉट्सॲपवाला. तिसरं नाव म्हणजे ८ चे ३० टक्के, २.४ गुण. पंधरा हजारांत! महागात पडतंय हो. आणि नुसतं महागात पडून थांबत नाही. हिंदावी नावाचं प्रकाशन वायली कंपनीने २०२१ मध्ये विकत घेतलं आणि २०२३ या एका वर्षात तिथले आठ हजारांहून जास्त पेपर मागे घेण्यात आले. विशेषांकांच्या नावाखाली असल्याच दुकानांचा माल आत शिरला होता. मागे घेतलेला पेपर नाहीसा होत नाही. तो जागच्या जागी राहतो, वर "रिट्रॅक्टेड" असा शिक्का घेऊन, तुमच्या नावासकट. रिट्रॅक्शन वॉचचा अशा पेपरांचा साठा सगळ्यांना फुकट बघता येतो. मुलाखत घेणारे बघतात.

मिस्टरांवर चिडू नका, ते तुमच्या काळजीपोटीच बोलले. पण "एकदाच" असं इथे काही नसतं. तो पेपर तुम्हाला प्रत्येक अर्जात, प्रत्येक प्रमोशनच्या फाइलमध्ये पुन्हा लिहावा लागणार. त्यातला दुसरा लेमा कसा सिद्ध केला असं कुणी विचारलं तर? आणि विकणाऱ्याकडे तुमचं चॅट आहे, यूपीआयची पावती आहे. तुमच्याकडे त्याचा फक्त नंबर. नंबर ब्लॉक करा. विभागातल्या त्या दोघांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही आणि ऐकीव गोष्टीवर मीही काही म्हणणार नाही.

जर्नल खरं की खोटं हे ओळखायची जबाबदारी आता तशीही तुमच्यावरच आली आहे. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. ती होती तेव्हाही हुबेहूब नावाच्या बनावट वेबसाइट काढून लोक फसवत होतेच. गणितासाठी माझी साधी चाचणी अशी आहे: झेडबीमॅथ ओपन ही गणिताच्या पेपरांची ऑनलाइन सूची उघडायची, २०२१ पासून ती फुकट आहे, आणि त्या जर्नलचे अलीकडचे अंक तिथे घेतले जातात का ते बघायचं. मग संपादक मंडळातल्या दोन-तीन नावांची स्वतःची वेबपानं उघडायची आणि तिथे या जर्नलचा उल्लेख आहे का ते पडताळायचं. आठवड्याभरात स्वीकृतीचं आश्वासन देणाऱ्या जर्नलसाठी एवढेही कष्ट नकोत. गणिताचा पेपर आठवड्यात तपासून होत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

विभागप्रमुखांचं प्रकरण नाजूक आहे. भांडून उपयोग नाही, कारण रजा, वर्कलोड, एनओसी सगळं त्यांच्या सहीने. अर्जालाही त्यांच्यामार्फतच जावं लागेल. म्हणून झालेल्या दोन पेपरांबद्दल तोंड उघडू नका. पुढच्या पेपरच्या वेळी मात्र नावाचा विषय पेपर लिहून तयार झाल्यावर निघता कामा नये, तिथे उशीर होतो. सुरुवातीलाच, काम हातात घेताना, दोन ओळींचा ईमेल करा: "सर, मी आणि अमुक मॅडम या प्रश्नावर काम सुरू करत आहोत. आपण यात सहभागी होणार असाल तर पेपरच्या दुसऱ्या भागातली सिद्धता आपण बघावी, ही विनंती." बहुतेक साहेब इथेच गळतात. खरंच काम केलं तर त्यांचं नाव येऊ दे, त्यात वावगं काही नाही. नाही केलं, तर शेवटी आभारात ठळक उल्लेख करा, सुविधा आणि प्रोत्साहनाबद्दल. आभार मानायला कंजुषी करू नका, गुण कापले जात नाहीत. तरीही ते अडून बसले तर जर्नलचा नियम पुढे करा. आता बऱ्याच जर्नलांत सबमिशनच्या वेळी कुणी काय काम केलं ते लेखकनिहाय भरून द्यावं लागतं. तो फॉर्म त्यांनाच भरायला द्या.

सायटेशन सरळ मार्गाने वाढतात का? थोडी वाढतात. पेपर जर्नलला पाठवाल त्याच दिवशी अर्काइव्हवर, म्हणजे छापण्याआधीचे पेपर फुकट वाचायला ठेवतात त्या साइटवर, टाका. गणितवाले सकाळी चहाबरोबर तेच उघडतात. त्या प्रश्नावर काम करणाऱ्या बसभर लोकांपैकी चार-पाच जणांना दुवा पाठवा, सोबत दोनच वाक्यं, स्तुती न करता. झेडबीमॅथसाठी परीक्षणं लिहायला नाव नोंदवा, वाचन होतं आणि नाव ओळखीचं होतं. स्वतःच्या जुन्या पेपरांचे संदर्भ गरज असेल तिथेच द्या. आणि एखादा रिव्ह्यूअर "माझे हे सात पेपर उद्धृत करा" म्हणाला, तर संपादकाला कळवा, निमूट घालून देऊ नका.

सासऱ्यांना एच-इंडेक्स समजावायच्या फंदात पडू नका. पुढच्या गणपतीला त्यांना "सहा झाला" एवढं सांगितलंत की पुरे, दीडपट वाढ त्यांना बरोबर कळेल. जावेच्या एकोणीसपैकी किती पेपरांत तिचं नाव पहिलं आहे, हा प्रश्न तुमच्या तोंडापर्यंत येईल. तो गिळा. ती बिचारी त्या आरतीत तुमच्याइतकीच अवघडली असणार, आणि घरात पेपर रिजेक्ट झाल्याचं दुःख समजणारी तीच एकटी आहे.

पत्राच्या शेवटच्या ओळींत, इथे मी छापल्या नाहीत त्या, तुम्ही थीसिसमधल्या एका अर्धवट राहिलेल्या प्रमेयाबद्दल लिहिलंय. ३३ सायटेशन असलेला तुमचा पेपर त्याच कामातला आहे. लोक तिथे येऊन थांबलेत आणि पुढचा भाग कुणी केलेला दिसत नाही. मी गणितातली नाही, पण संदर्भ देणाऱ्या पेपरांची शीर्षकं मी चाळली, त्यातल्या तीन-चारांत तोच प्रश्न "खुला" म्हणून नोंदवलेला आहे. तुमच्या पुढच्या पेपरचा विषय तोच घ्या.

पण जाहिरातीची मुदत महिनाअखेरीची आहे असं तुम्ही लिहिता, तेव्हा आधी ओआरसीआयडी, मग स्कोपसला विनंती, मग फॉर्म. विनंतीच्या ईमेलला तिन्ही नावांचा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला आणि पीएचडीची पदवी स्कॅन करून हाताशी ठेवा, मागतील तर लगेच देता येईल. "माधव" बाईंचे दोन पेपर तेवढे विसरू नका.